शिशापाशी का थांबलात?

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या सासरी, वटार गावात, निवृत्तीपर्यंत कुणालाच धड कळलं नाही. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "सून केमिकलमध्ये आहे." ऐकणाऱ्याला वाटे, बरणीत कैरी मुरते तशी ही बाई कशात तरी मुरत पडलेली असणार. दीर त्याहून पुढचे. ते म्हणायचे, "वहिनी सोनं गाळते." मग वाडीतली केळी न्यायला आलेला व्यापारीसुद्धा माझ्या बांगड्यांकडे निरखून बघायचा आणि त्या काचेच्या निघाल्या की हिरमुसायचा.

सोन्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी रसायनतज्ज्ञ होते आणि आमचा धंदा होता दुर्मीळ धातू परत मिळवण्याचा. पेट्रोल तयार करताना तेलाच्या कारखान्यांत साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या वापरतात. त्या गोळ्यांवर प्लॅटिनम आणि रेनियम या दोन धातूंचा अगदी नावापुरता अंश असतो. काही वर्षांनी गोळ्या काजळीनं काळ्या पडतात आणि ड्रम भरभरून आमच्यासारख्यांकडे येतात. आम्ही त्या भट्टीत भाजून काजळी जाळायची, मग रसायनात विरघळवून दोन्ही धातू वेगळे करायचे. प्लॅटिनमचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. रेनियम बिचारं अनोळखी. विमानाच्या इंजिनातली पाती ज्या आगीत फिरतात त्या आगीत ती वितळू नयेत म्हणून ते घालतात. आमच्याकडे ते शेवटी पांढऱ्या, दाणेदार मिठाच्या रूपात हाती यायचं. दिसायला अगदी जेवणातल्या मिठासारखं, म्हणून कारखान्यात सगळे त्याला 'मीठ'च म्हणायचे.

दुर्मीळ धातूंच्या कारखान्यात काम करते म्हटल्यावर भेटायला कोण कोण येई! फुलपाड्याचे एक निवृत्त गृहस्थ एकदा धुतलेल्या धोतरात गुंडाळलेला तांब्या घेऊन आले. दार लावून घ्या म्हणाले. मग कुजबुजले, "मॅडम, यात इरिडियम आहे. वीज पडलेल्या जागेतून निघालाय. तांदूळ आपोआप ओढून घेतो. फक्त सर्टिफिकेट द्या, परदेशातली पार्टी तयार आहे." मी म्हटलं, ओढून दाखवा. त्यांनी खिशातून पुडी काढली आणि खरोखर तांदळाचे दाणे टुणकन तांब्याला चिकटले. मी आमच्या डब्यातला तांदूळ मागवला. तो काही हलेना. त्यांच्या पुडीतल्या तांदळाला लोखंडाची बारीक पूड चोळलेली होती आणि तांब्याच्या बुडाशी लोहचुंबक डकवलेलं होतं. हे सगळं त्यांना दाखवलं, तर ते माझ्यावरच चिडले. तुमचा तांदूळ जुना असेल म्हणाले. शेवटी मी त्यांच्या मुलाला फोन लावायला लावला आणि तो येईपर्यंत त्यांना चहा पाजत बसवून ठेवलं. भविष्यनिर्वाह निधी त्या 'पार्टी'च्या हवाली करायला ते निघाले होते. तो वाचला, पण मला ते अखेरपर्यंत दुष्टच समजत राहिले.

तेव्हा मी हसले होते. पण शहाण्यासुरत्या माणसांचंही याहून वेगळं नसतं, हे पुढे आमच्याच कारखान्यात पाहिलं. ते सांगण्याआधी एका बाईची गोष्ट सांगायला हवी. ती आमच्या वसईची नव्हे, जर्मनीतली. रेनियमवर काम करायला लागले तेव्हा मला कुतूहल वाटलं, की इतका विरळ धातू शोधला तरी कुणी? मुंबईच्या एका जुन्या ग्रंथालयात शोधत बसले, तेव्हा ती सापडली. दोन सहकाऱ्यांबरोबर तिनं हा धातू शोधला होता आणि नंतर गाडीभर खनिज उपसून त्यातून चिमूटभर वेगळा करून दाखवला होता. त्यासाठी लागणारी चिकाटी किती, हे मला विचारा.

पण मला ती आवडली ती दुसऱ्याच कारणानं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या काही वर्षं आधी रोममधल्या एका शास्त्रज्ञानं युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला. मारा केल्यावर त्यात काहीतरी नवीनच तयार झालं. ते काय, हे ओळखायला त्यानं ते माहीत असलेल्या मूलद्रव्यांशी ताडून पाहायला सुरुवात केली. युरेनियमच्या शेजारचे धातू पाहिले, मग त्याहून हलके पाहिले, असं करत करत शिशापर्यंत आला आणि थांबला. यांच्यापैकी काही नाही, म्हणजे युरेनियमपेक्षा जड असं नवं मूलद्रव्य आपण घडवलं, असं जाहीर झालं. सगळीकडे वाहवा. या बाईनं मात्र लेख लिहून विचारलं, की शिशापाशी का थांबलात? उरलेली सगळी मूलद्रव्यं का नाही तपासली? अणूचे दोन-चार मोठे तुकडे झाले नसतील कशावरून?

तिचं कुणी ऐकलं नाही. अणू फुटतो हे तेव्हा कुणाच्या कल्पनेतच नव्हतं. शिवाय तिनं आधी आणखी एक धातू शोधल्याचा दावा केला होता, तो इतरांना पडताळता आला नव्हता, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन उरलं नव्हतं. तिनंही स्वतः प्रयोग करून दाखवला नाही, याची मला फार चुटपुट लागते. चारेक वर्षांनी बर्लिनमधले दोन रसायनशास्त्रज्ञ त्याच युरेनियमच्या माऱ्यातून रेडियम वेगळं करायला बसले आणि काही केल्या ते बेरियमपासून सुटेना. सुटणार कसं? ते बेरियमच होतं. युरेनियमच्या जवळपास निम्म्या वजनाचं! अणू मधोमध फुटला होता. नंतर जग कुठे गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण "बाई, तुम्ही आधीच विचारलं होतंत, आम्ही ऐकलं नाही," असं चारचौघांत तिला कुणी म्हटल्याचं मी कुठे वाचलं नाही. तो राग मी उगाचच स्वतःचा असल्यासारखा सांभाळून ठेवला होता. एक दिवस तो कामी आला.

आमच्या कारखान्यात काशिनाथ म्हणून एक कामगार होते, आम्ही त्यांना काशीदादा म्हणायचो. खाडीकाठच्या मिठागराच्या गावचे. वडील, आजोबा सगळे मीठ पिकवणारे. मिठागरं बंद पडत गेली तसे हे कारखान्यात आले आणि शेठनी त्यांच्याकडे नेमकी मिठाची खोली दिली. रेनियमचं मीठ थाळ्यांत वाळवायचं, बाटल्यांत भरायचं आणि खोलीला कुलूप लावायचं. किल्ली त्यांच्याकडेच. बाहेर पडताना कुणी सांगितलेलं नसताना ते दारात उभे राहून खिसे उलटे करून झटकायचे. मी एकदा म्हटलं, "दादा, कोण बघतंय?" तर म्हणाले, "कोन बगत नाय म्हनूनच झटकायचा."

एका लॉटमध्ये रेनियम कमी भरलं. थोडंथोडकं नाही, निम्म्याहून कमी. आमच्या धंद्यात माल आला की त्याच्या नमुन्याचे तीन सीलबंद भाग करतात. एक विकणाऱ्याचा, एक आमचा, आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत तर तिसरा पंच म्हणून नेमलेल्या प्रयोगशाळेचा. या लॉटमध्ये दोघांचे आकडे पहिल्याच फटक्यात जुळले होते. म्हणजे माल आला तेव्हा रेनियम होतं, याबद्दल वादच नव्हता. प्लॅटिनम तर पुरेपूर निघालं. गेलं ते फक्त मीठ.

आम्ही सगळं तपासलं. गाळून उरलेला चोथा तपासला, गाळलेलं पाणी तपासलं, स्फटिक काढून उरलेला द्रव तपासला, फरशी पुसलेली फडकीसुद्धा उकळून पाहिली. कुठेच नाही. भट्टीतून काढलेल्या भाजक्या गोळ्यांचा नमुना राखून ठेवायची आमच्याकडे पद्धत नव्हती. कारखाना सुरू झाला तो नुसत्या प्लॅटिनमवर, आणि प्लॅटिनम कितीही भाजा, जागचं हलत नाही. रेनियमचं काम नंतर आलं, पण रीत जुनीच चालू राहिली.

शेठ माणूस वाईट नव्हते, पण घाबरले की तोंड सुटायचं. "मॅडम, मटेरियलला पाय फुटत नाहीत," ते म्हणाले. "खोलीची चावी एकाच माणसाकडे आहे." तेवढ्यात सुपरवायझर हसत म्हणाला, "मिठागरातला माणूस, मिठाला हात लागणारच." सगळे हसले. काशीदादा तिथेच उभे होते. त्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "मना झडती घ्या, पन हसू नका."

त्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. सोमवारी पोलिसांत तक्रार द्यायची असं ठरलं. वर कहर म्हणजे, तसा निरोप वॉचमन त्यांच्या घरी जाऊन म्हाताऱ्या आईसमोर, अर्धी आळी ऐकत असताना देऊन आला. हे कळलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या संध्याकाळी मी घरी जेवले नाही. नवरा म्हणाला, "तुझं काय गेलंय?" मी म्हटलं, माझं रेनियम गेलंय. खरंच तसं वाटत होतं. धातू नाहीसा होत नाही. तो कुठेतरी असतो, आपण तिथे पाहिलेलं नसतं. आणि मग ती जर्मनीतली बाई डोक्यात येऊन बसली. आपण कुठपर्यंत तपासलं? आपलं शिसं कुठलं?

सकाळी कारखान्याच्या फाटकात शिरले आणि उत्तर समोरच उभं होतं. भट्टीचा धूर तसाच हवेत सोडायला बंदी असते. म्हणून तो एका उंच पिंपात पाण्याच्या फवाऱ्यातून धुऊन मग वर सोडतात. ते पाणी खाली टाकीत जमतं. त्या पाण्याची आम्ही रोज तपासणी करायचो, पण फक्त आंबटपणाची, कारण ते प्रदूषणाचं खातं. धातूसाठी ते पाणी कुणी कधी पाहिलंच नव्हतं. आणि रेनियमची एक खोड असते. हवेत फार तापलं तर कापरासारखं उडून जातं. पुस्तकातून हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमची भट्टी तेवढी तापतच नाही, असं आम्ही गृहीत धरून चाललो होतो. त्या लॉटच्या गोळ्या नेहमीपेक्षा जास्त काजळलेल्या होत्या. काजळी म्हणजे कोळसाच. भट्टी नेहमीसारखीच लावली होती, पण आतल्या ढिगानंच पेट घेतला असणार आणि भिंतीजवळच्या तापमापकाला त्याचा पत्ताही लागला नसणार.

इतकं मनात जुळेपर्यंत टँकरवाला टाकीला पाइप जोडत होता. भरलेलं पाणी घेऊन जायला तो ठरलेल्या दिवशी यायचा आणि तो दिवस नेमका आजचा होता. मी धावत गेले. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, खाली करूं क्या?" मी नको म्हटलं, तर त्यानं शेठकडे बोट दाखवलं. शेठ म्हणाले, "अहो, पुढच्या आठवड्यात टँकर मिळणार नाही. टाकी काठोकाठ भरलीये. पावसाळा तोंडावर आहे." मी वाद घातला नाही. टाकीचा व्हॉल्व्ह चाक फिरवून बंद केला, ते चाक काढलं आणि डब्याच्या पिशवीत टाकून प्रयोगशाळेत गेले. माझ्या नोकरीतलं एवढं एकच बेकायदा काम, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

बादलीभर पाणी काढून तपासलं. रेनियम असेल तर एका विशिष्ट रसायनानं नारिंगी रंग येतो. नाही आला. पाणी पाण्यासारखंच राहिलं. शेठ मागे उभे होते. "झालं समाधान? आता चाक द्या."

"शेठ, अणू फुटला तेव्हाही सगळे असेच थांबले होते," मी म्हटलं.

"मॅडम, आपल्याला बॉम्ब नाही बनवायचा. मला टाकी रिकामी करायचीये."

"टाकीत रोज नवं पाणी पडतं. त्यात ते पातळ झालंय. मला ते आटवू द्या."

आटवायला वेळ लागतो, कितीही धुसफुस केली तरी. बादलीभर पाणी शेगडीवर ठेवून मी समोर स्टूल टाकून बसले. ड्रायव्हरनं टँकरच्या सावलीत ताणून दिली. शेठ दर थोड्या वेळानं येऊन डोकावत आणि घड्याळ दाखवून जात. मला भीती वाटत होती, हे कबूल करायला हवं. रंग आला नसता तर टाकी माझ्यामुळे तुंबली असती, काशीदादा सोमवारी चौकीत बसले असते, आणि माझ्या हातात एक लोखंडी चाक उरलं असतं. पण उठायचं नाही हे मी ठरवलं होतं. तळाशी वाटीभर पिवळट पाणी उरलं, तेव्हा दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत नळाचं पाणी आटवून घेतलेलं, दुसरीत टाकीचं. दोन्हींत रसायन घातलं.

नळाचं तसंच राहिलं. टाकीचं हळूहळू नारिंगी झालं, पिकलेल्या आंब्याच्या रसासारखं. दुसऱ्या एका धातूनंही असाच रंग फसवून येतो, म्हणून तो नाही ना याची वेगळी चाचणी घेतली. नव्हता. रेनियमच होतं. मी मोठ्यानं रडले. लाज नाही वाटली.

"शेठ," मी म्हटलं, "मटेरियलला पाय फुटत नाहीत, बरोबर आहे. पंख फुटतात."

टाकीच्या पाण्याचा हिशेब मांडला तेव्हा गेलेला बहुतेक माल तिथेच निघाला. शेठ खूश झाले. टँकर परत पाठवला, पेढे मागवले, सुपरवायझरला फोन करून भट्टीत मधोमध तापमापक बसवायला सांगितलं. मग मला म्हणाले, "काशिनाथला निरोप द्या, उद्यापासून या म्हणावं."

"निरोप कोण देणार?"

"वॉचमन जाईल ना."

इथे मात्र माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "चोर म्हणायला तुम्ही चारचौघांत म्हणालात, आणि चोर नाही हे वॉचमन सांगणार? तुम्ही स्वतः बोलल्याशिवाय या लॉटच्या अहवालावर मी सही करणार नाही." माझ्या सहीशिवाय माल बाहेर पडत नसे. शेठनी कपाळाला हात लावला, पण गाडी काढली.

काशीदादांचं घर खाडीच्या बांधाजवळ. ते ओटीवर बसले होते, दाढी वाढलेली. आम्हाला पाहून उठले, पण पुढे आले नाहीत. शेठ ओशाळून म्हणाले, "काशिनाथ, उद्यापासून ये. सापडलं."

काशीदादांनी मान हलवली. "मना नका सांगू. मना म्हाईत होता. तिला सांगा." आणि त्यांनी दारात बसलेल्या आईकडे बोट केलं. म्हातारी वाळवणाला बसली होती, पदर कपाळावर.

शेठ वाकून म्हणाले, "आई, चूक आमची होती."

"काय?" म्हातारीनं कानाला हात लावला. "मोठ्यानं बोल बाबा. मना ऐकू नाय येत."

"चूक आमची होती!"

"कोनाची?"

शेजारच्या ओट्यांवर माणसं उभी राहायला लागली. शेठ घामाघूम. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी माडाकडे पाहिलं. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि आळीभर ऐकू जाईल असं ओरडले, "काशिनाथनं चोरी केली नाही! चूक कारखान्याची होती!"

म्हातारीनं मान डोलावली. "बरा झाला," म्हणाली आणि पुन्हा वाळवणाकडे वळली. काशीदादांनी तोंडावरून हात फिरवला. शेठ गाडीकडे निघाले.

माझा घसा दिवसभराच्या वाफेनं कोरडा पडला होता. म्हातारीची पाठ माझ्याकडे होती, मध्ये अख्खं अंगण होतं. मी स्वतःशीच, जेमतेम ओठ हलवून पुटपुटले, "घोटभर पाणी मिळालं असतं तर..."

"बस बाय, पानी आनते," म्हातारी पाठमोरीच म्हणाली.